सनईवरची बोटं

२ फेब्रुवारी १९६४, रविवार. अमरावती

फिल्म आली एकदाची. वसंता सकाळीच सायकलवर घेऊन आला, डबे फडक्यात गुंडाळून, पोटाशी धरून. मुंबईच्या कोण्या ओळखीच्यानं पाठवली. सोळा मिलिमीटर. म्हणाला, "सुखदेवा, आता मागं फिरायचं नाही." म्हटलं, बरं.

शांतानं चहा केला. तो गेल्यावर म्हणाली, "एवढी वाट पाह्यली फिल्मची, अन् तुमचं तोंड तसंच." बायकोला दिसतंच. दिवाळीनंतर माय गेली, तेव्हापासून हे असंच आहे. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. सरकारी खात्याच्या प्रचारगाडीवर मी ऑपरेटर. गावोगाव जातो, पडदा बांधतो, रीळ चढवतो, उतरवतो, झोपतो. माय गेली त्या दिवशीसुद्धा रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा.

पण गोष्ट माझी आहे, एवढं खरं. एक म्हातारा सनईवाला. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात, दुसऱ्यांच्या दारात वाजवलं. शेवटी एक दिवस पातूरच्या लेण्यांत एकटा जाऊन बसतो अन् पहिल्यांदा स्वतःसाठी वाजवतो. बस. छोटंसं चित्र. वसंतानं वकिली सोडून फोटो स्टुडिओ टाकला तो असल्याच गोष्टींपायी. त्याचे वडील मोठे वकील. पोराशी बोलत नाहीत.

सनईवाला कोण, ते आम्हा दोघांनाही माहीत. नाव कोणी काढलं नाही.

५ फेब्रु.

वसंतानं काढलं. "तुझे वडील."

म्हटलं, बा वाजवत नाही. छप्पन सालापासून नाही.

"माहीत आहे रे. विचारून तर बघ."

छप्पनला दीक्षा घेऊन नागपूरहून परतले, त्याच आठवड्यात आमच्या गावच्या वाजंत्र्यांनी सनया, डफडी नदीत टाकली. बानंही टाकली. यापुढे कोणाच्या दारात वाजवायचं नाही, असा शब्द दिला सगळ्यांनी मिळून. पुढं पाटलाकडे लग्न निघालं, मांडव पडला. तरी नाही म्हणजे नाही. मग गावात काम मिळेना. मग अकोला, कापसाच्या जिनावर चौकीदारी. हे मागं वसंताला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. माझे नाही.

आज म्हणतो, "पण ही कला आहे. कलेला कसली जात?"

मांडवाबाहेर, सगळे जेवून उठल्यावर, धुळीत पत्रावळ घेऊन बसला असता एखाद्या वेळी, तर असं बोलला नसता. तोंडावर म्हटलं नाही. इथं लिहून ठेवतो.

९ फेब्रु., रवि. अकोला

सकाळच्या गाडीनं आलो. बा घरीच. एकटा असतो आता, स्वतः भाकरी थापतो. जाड थापतो, मधे कच्ची राहते. खाल्ली.

सगळी गोष्ट सांगितली. पुरती ऐकून घेतली त्यानं.

"सोतासाठी कोन वाजवते रे?" म्हणाला. "वाजवनं म्हंजे कोनाच्या तरी दारात. माह्या बापानं तसंच वाजवलं, म्याही तसंच. आपल्या सोताच्या घरी कधी वाजली का सनई? तुह्या मायच्या लग्नातही दुसऱ्या गावचे आले होते वाजवाले."

म्हटलं, म्हणून तर चित्र काढायचं.

"नाई."

विषय संपला. निघताना फाटकापर्यंत आला. "लहानपनी माह्यामागं सूर धरत जाये तू. आठवते का?" आठवतं. दुसऱ्या सनईत एकच सूर धरून ठेवायचा, बा वाजवत असेल तोवर सोडायचा नाही. गाल दुखून यायचे. मला तेवढंच येत होतं. आता तेही येत नाही.

गाडीत बसायला जागा मिळाली.

१६ फेब्रु.

वसंताच्या डोक्यात एक आलं. आपला कॅमेरा मुका. किल्ली द्यायचा, आवाज घेतच नाही. आवाज मागाहून टेपवर भरायचा अन् पडद्याच्या जोडीनं वाजवायचा. मग काकांनी, म्हणजे बानं, वाजवायचं कशाला? सनई हातात धरायची, बोटं हलवायची. फुंकायची नाही. शब्दही राहिला, चित्रही झालं.

मलाही पटलं. इतकं सोपं होतं तर इतके दिवस डोकं कशाला खाजवत होतो, असंच वाटलं दोघांनाही. स्टुडिओसमोरच्या टपरीवर जिलबी खाल्ली.

२३ फेब्रु., रवि. अकोला

बा: "फुंकाची नाई?"

"नाई."

"आवाज निंघनार नाई?"

"नाई बा. कॅमेऱ्याले कानच नाहीत."

"मंग चालते."

एवढ्या लवकर हो म्हणाला. बा नाही म्हणाला तर वसंताला काय सांगायचं, याची वाटेनं जुळवाजुळव करून आलो होतो, ती तशीच राहिली. बा म्हणाला, "तुले मनापासून पाह्यजे ना हे? मंग घे काढून. तुही माय असती तर तिनंच मले धाडलं असतं."

८ मार्च, रवि. पातूर

शूटिंग झालं. थकलो आहे, पण लिहून ठेवतो.

अकोल्याहून एस.टी.नं मी, शांता, वसंता, बा. सनई गफूरभाईची. गफूरभाई अमरावतीच्या बँडपार्टीत वाजवतो, वसंताच्या स्टुडिओत त्याचं जाणं-येणं. बानं सनई हातात घेतली, उलटीपालटी केली, धोतराच्या सोग्यानं पुसली. मग तोंडाकडची पत्ती अलगद काढली अन् सदऱ्याच्या खिशात घातली. पत्तीशिवाय सनई म्हणजे नुसतं लाकूड. चुकूनसुद्धा आवाज निघायला नको. वसंता म्हणाला, काका, तेवढं कशाला. बानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

लेण्यांत शिरल्यावर पहिल्यांदा हात जोडले त्यानं. खांबावर हात फिरवून पाहिला. "हे आपल्याच लोकाइचं," म्हणाला. कोणी शिकवलं नव्हतं त्याला.

आत अंधार. शांतानं आपलं पांढरं लुगडं आणलं होतं. ते उन्हात ताणून धरलं की उजेड आत जातो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. किल्ली दिली की कॅमेरा अर्धं मिनिट चालतो, मग पुन्हा किल्ली. वसंता म्हणे, "काका, गाल फुगवा." बा फुगवी. "डोळे मिटा." मिटी. बोटं चालली होती. वरखाली, वरखाली, लांब लांब, काळी. आवाज फक्त कॅमेऱ्याच्या घरघरीचा.

मी लुगडं धरून पाहत होतो. वाटलं होतं, आता तरी काहीतरी वाटेल. माझी गोष्ट, माझा बाप, माझं लेणं. हात भरून आले होते, तेवढं कळलं.

दुपारी शेव-चिवडा खाल्ला झाडाखाली. शांतानं विचारलं, "मामाजी, आतल्या आत कोणतं वाजवलं?" बा हसला. "तुले काय कराचं?" शूटिंग संपल्यावर पत्ती परत बसवून सनई वसंताकडे दिली. जड वाटली का, विचारलं मी. "नाई. हलकीच असते ते."

५ एप्रिल, रवि. अमरावती

रिळं धुऊन आली. स्टुडिओत भिंतीवर लावून पाहिली, दारं बंद करून. बा केवढा मोठा. भिंतभर बा. डोळे मिटलेले, उन्हाची तिरीप गालावर. वसंता रडायलाच लागला. वेडा आहे. शांता म्हणाली, "मामाजी सुंदर दिसून राह्यले." थोड्या वेळानं म्हणाली, "पण आवाज नाही ना, तर पाहून जीव घाबरते."

मुंबईला हौशी लोकांच्या चित्रांचा मेळावा आहे, जूनमध्ये. वसंतानं नाव कळवलंसुद्धा.

१२ एप्रिल, रवि.

गफूरभाईला दाखवलं. बोटं पाहून त्याबरहुकूम वाजवायचं, ते आम्ही टेपवर घेणार, असं ठरलेलं. त्यानं बिडी विझवली, पुढं सरकून बसला. पुन्हा लावायला सांगितलं. आणखी एकदा.

मग म्हणाला, "सुखदेवभाई, ये बजाच नै रहे."

वसंतानं समजावलं, अहो फुंकलेलं नाहीच, नुसती बोटं आहेत.

"वोइच बोल रहा मैं. उंगलियाँ भी नै बजा रहीं. खाली उठा रहे, रख रहे. शादी का बाजा नै, भजन नै, कुछ भी नै इसमें." मग हळू आवाजात, माझ्याकडे पाहून, "जिसकू बजाना आता, उसकी उंगली अपने आप सही जगा जाती. इन्हों जान के गलत रख रहे. मियाँ, बहोत मुश्किल काम है ये."

वसंता हातातली किल्ली फिरवत बसला. मी प्रोजेक्टर बंद केला.

१३ एप्रिल, सोम.

गाडीवर दर्यापूरकडे. रात्रीचा खेळ होता, खतांची फिल्म. रीळ चढवताना बाची बोटं दिसत होती.

एवढी वर्षं ज्या बोटांनी वाजवलं, त्या बोटांनाही त्यानं त्या दिवशी आवरून धरलं. सकाळपासून दुपारपर्यंत. अन् आम्ही दोघं शहाणे, कॅमेऱ्याला कान नाहीत म्हणून जिलबी खातो. आम्हाला वाटलं शब्द फुंकण्यात आहे. त्यानं तो बोटांतही धरला.

अभिमान वाटायला हवा. राग यायला हवा, मला फसवलं म्हणून. दोन्हीची वाट पाहिली. झोप आली.

१५ एप्रिल

वसंता म्हणतो, गफूरभाईनं मनानं काहीही वाजवावं, आपण बोटांच्या अंदाजानं कापून जोडू. "बघणाऱ्यांत गफूरभाई कितीसे असणार?"

म्हटलं, बा वाजवतो आहे असंच दिसेल मग.

"तेच तर चित्र आहे, सुखदेवा. तूच लिहिलंस."

मीच लिहिलं. 

१९ एप्रिल, रवि.

आवाज भरला. स्टुडिओच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, रस्त्यावरचे टांगे ऐकू येऊ नयेत म्हणून. गफूरभाई घामानं निथळत होता. पण काय वाजवलं त्या माणसानं. पहिल्यांदा अडखळत, कोणीतरी बऱ्याच वर्षांनी हात लावावा तसं, मग मोकळं. सोबत लावून पाहिलं. चित्र जिवंत झालं. बा वाजवतो आहे. शांताचा जीव घाबरला नाही या वेळी. पदर तोंडाला लावून ऐकत होती.

बाला विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच ठेवलं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नाई.

३ मे

वसंतानं परस्पर ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी सकाळी अकोल्याला एका टॉकीजमध्ये खेळ. मॅनेजर त्याच्या ओळखीचा. बाच्या वस्तीतल्या सगळ्यांना बोलावलं आहे. "त्यांचा माणूस पडद्यावर आहे, पहिला मान त्यांचा." मनानं चांगला आहे तो. त्याचा हा चांगुलपणाच कधी कधी माणसाला खड्ड्यात घालतो.

म्हटलं, आधी उठून सांगायचं की आवाज दुसऱ्याचा आहे. म्हणाला, "सांगू, सांगू."

१० मे, रवि. अकोला

नाही सांगितलं.

वसंता पुढं उभा राहून बोलला, कला, स्वप्न, वऱ्हाडची माती. आवाजाबद्दल एक अक्षर नाही. मी वर केबिनमध्ये, एका हाताला प्रोजेक्टर, एका हाताला टेप. दोन्ही बरोबर सुरू करायचे असतात, म्हणून मला खाली जाता आलं नाही. असं आता म्हणतो आहे. जाता आलं असतं.

टॉकीज भरलेलं. बा पुढच्या रांगेत, पांढरी टोपी. सनई सुरू झाली तशी कुजबुज थांबली. बायकांच्या रांगेत कोणीतरी रडत होतं. मी भोकातून बाच्या टोपीकडे पाहत होतो. टोपी हलली नाही.

दिवे लागले. टाळ्या नाहीत. उत्तम उभा राहिला. वस्तीतल्या विहार समितीचा चिटणीस, शाळामास्तर, माझ्याच वयाचा. त्याचा धाकटा भाऊ बँडपार्टीतली चालती नोकरी सोडून आता हमाली करतो, ती बाचं नाव घेऊन. सोनाजीबाबानं सोडलं तर आपण कावून वाजवाचं, म्हणून.

उत्तमनं विचारलं, अदबीनंच, "सोनाजीबाबा, हे तुमी वाजवलं?"

मी केबिनमध्ये होतो. वसंता वर भोकाकडे पाहत होता.

बा उठला. टोपी सारखी केली.

"हो," म्हणाला. "म्याच वाजवलं. पोरासाठी."

११ मे. अमरावती

कामावर गेलो. पडदा धुतला.

वसंता संध्याकाळी आला. "ते स्वतः म्हणाले, मग आपण कशाला..."  मी त्याला बाहेर जा म्हटलं. पहिल्यांदाच.

१४ मे

उत्तमचं कार्ड. बुद्धपौर्णिमेला वस्तीत नवं विहार उघडायचं आहे. ध्वज बाच्या हातून लागणार होता. छप्पनला शब्द देणाऱ्यांतला तोच एक उरला आहे वस्तीत. आता लोक म्हणतात, नको. चोवीसला सभा आहे, त्यात ठरेल. खाली लिहिलं आहे, "माझ्या भावाला मी काय सांगू, ते तुम्हीच कळवा."

शांतानं वाचलं. "तुमी सांगा ना मंग. तुमाले तर माहीत आहे." एवढंच म्हणाली. पीठ मळत होती, मळत राहिली.

१७ मे, रवि. अकोला

गेलो. बाला विचारलं, असं कावून बोलला?

"मंग काय सांगू? भरल्या टॉकीजात सांगू का, माह्या पोरानं दुसऱ्याची सनई माह्या तोंडाले लावली? तुले हासले असते लोक. थो वकिलाचा पोरगा सुटला असता, तू नसता सुटला."

"अन् बोटं? आमाले माहीत आहे तू बोटंही खोटीच हालवली."

जरा चमकला. "गफूरनं सांगतलं? सांगनच थो." मग म्हणाला, "वाजवनार नाई म्हटलं होतं. मंग बोटानं तरी कावून वाजवू?"

"मी सभेत सांगतो."

"नको. चित्र खोटं पडन तुहं."

"तुह्या हातून ध्वज जाईल."

"जाऊ दे. लावन कोनीतरी. ध्वज काई माह्यासाठी थांबत नाई."

पाणी भरून दिलं त्याला दोन घागरी. नळावर बाया बोलत होत्या, मला पाहून थांबल्या. एकीनं तोंड फिरवलं. ही आमच्याच गावची, मी लहान असताना हिच्याच घरी ताक प्यायला जात असे. हे सगळं बा रोज ऐकतो, जिनावर जाताना अन् येताना. मला त्याचं काहीच बोलला नाही.

२४ मे, रवि. अकोला

काल आलो. सभा आज चारला. वसंताही आला आहे, लॉजवर उतरला. डबा त्याच्याजवळ, उद्याच्या मेलनं मुंबईला जायचा. मला भेटून म्हणाला, "तू सभेत बोललास तर मी पाठवत नाही. आवाज त्यांचा नाही, बोटं खरी नाहीत, मग आहे काय त्यात? तू ठरव, मी रागावणार नाही." दाढी वाढलेली, घसा बसलेला. त्यानं असल्या चित्रांपायी वकिली सोडली. मी काय सोडलं, आठवत नाही.

बा पहाटे उठला. आंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसला अन् पंचशील म्हणायला लागला. रोज म्हणतो, दीक्षा घेतल्यापासून चुकला नाही, तापातसुद्धा. मी गोधडीत जागा होतो. पहिलं म्हटलं. दुसरं, तिसरं. मग थांबला. चौथं, खोटं न बोलण्याचं. ते म्हटलंच नाही.  मग पाचवं म्हटलं, हात जोडले, अन् चूल पेटवायला गेला.

मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. हुंदका आला, बानं ऐकला असेल. दिवसभर थांबून थांबून येतोच आहे.

भाकरी केली त्यानं. दोघं जेवलो. सभेचं कोणी काढलं नाही. कोण आधी बोलणार, काय बोलणार, सदरा धुतलेला घालून तेवढंच घोकत बसलो आहे. उत्तमकडे आधी जावं की सरळ सभेत उठावं, हेही ठरत नाही. वसंता लॉजवर वाट पाहत असेल.

बा टोपी घालून दारात उभा आहे. म्हणतो, "चाल, उशीर होते."